गाव सोडणाऱ्यांची नोंद कोणत्या वहीत?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही वाचकांना एकच गोष्ट विचारली होती: तुमच्या गावातून गेल्या दहा वर्षांत कोण कोण बाहेर गेले, आणि त्यात पाऊसपाण्याचा वाटा किती होता? बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या खेड्यांतून पत्रे आली. बऱ्याच पत्रांत उत्तराऐवजी उलट प्रश्नच होते आणि ते आमच्या प्रश्नापेक्षा नेमके होते. त्यांपैकी सहा येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: आमच्या तांड्यावरची माणसे माझ्या लहानपणीही दिवाळी झाली की ऊसतोडीला जात. तेव्हा हवामान बदलाचे नावही कोणी घेत नव्हते. मग आज जे जातात ते हवामान बदलामुळेच जातात, असे म्हणायला आधार काय? (निवृत्त शिक्षक, तालुका दिग्रस, जिल्हा यवतमाळ)

उत्तर: गुरुजी, आपली शंका रास्त आहे. ती बाजूला सारून पुढे गेलो तर या विषयावरचे बाकीचे बोलणे पोकळ ठरेल. कोणीही माणूस एकाच कारणासाठी गाव सोडत नाही. कोरडवाहू जमीन, कापसाचा पडलेला भाव, बँकेचे आणि सावकाराचे कर्ज, दवाखान्याचा खर्च, घरातले लग्न, अशी कारणे आधीपासून साचलेली असतात. बिघडलेला पाऊस त्यांतल्या प्रत्येक कारणाचे ओझे वाढवतो. म्हणून ‘हवामानामुळेच’ यातला ‘च’ आम्हीही लिहिणार नाही. पण ‘हवामानामुळे काहीच नाही’ असे म्हणणेही आता खरे नाही, आणि ते का, हे जरा सविस्तर सांगतो.

केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतातील हवामान बदलाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, आणि १९५१ ते २०१५ या काळात जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. केवळ घट असती तर शेतकऱ्याने तिच्याशी कसेतरी जुळवून घेतले असते. पण पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या आहेत. अरबी समुद्र तापला आहे, त्यावरून येणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्यांची चाल अस्थिर झाली आहे, आणि ते वारे मधूनमधून बाष्पाचा मोठा लोंढा जमिनीवर आणून सोडतात. थोडक्यात, एकूण पाऊस कमी झाला आणि जो पडतो तो थोड्या दिवसांत एकदम पडतो.

हंगामात याचा अर्थ काय होतो, हे आपल्याला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मृगाच्या भरवशावर पेरणी होते, मग पंधरा-वीस दिवसांची उघडीप पडते आणि दुबार पेरणीची वेळ येते. बियाणे, खत आणि मजुरी दुसऱ्यांदा उसनवारीने करावी लागते. पुढे एका आठवड्यात इतका पाऊस होतो की काळ्या जमिनीत पाणी साचून तूर आणि पऱ्हाटी पिवळी पडते. सोयाबीन कापणीला आले की परतीचा पाऊस गाठतो, उभ्या शेंगांना कोंब फुटतात. फुटलेला कापूस झाडावरच भिजून काळा पडतो. यातला एकच फटका बसला तर शेतकरी सावरतो, पण एकाच वर्षात तीन फटके आणि तशी लागोपाठ तीन वर्षे आली तर घरातला एक माणूस बाहेर पडतो, आणि मागोमाग दुसराही.

आता जुन्या आणि नव्या जाण्यातला फरक पाहू. आपल्या लहानपणी जाणारे लोक हंगाम संपल्यावर जात, घरात ज्वारीचे पोते ठेवून जात आणि ठरलेल्या वेळी परत येत. या वेळी आलेल्या पत्रांत मात्र ऐन खरिपात, दुसरी पेरणी वाया गेल्यावर निघालेली माणसे आहेत. शेत मक्त्याने देऊन पुण्याकडच्या कारखान्यांत गेलेली बी. ए. झालेली मुले आहेत. आणि ज्यांनी आधी दोन महिने, मग सहा महिने, मग कायमचे गाव सोडले अशी कुटुंबे आहेत. माणूस कधी निघतो, घरातले किती जण निघतात आणि परत येतात की नाही, या तीन गोष्टी पाहिल्या म्हणजे कारणाचा माग बराचसा लागतो. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण ज्या काळातली आहे, त्या एकोणिसाव्या शतकात कापसाच्या तेजीमुळे बाहेरून मजूर वऱ्हाडात कामाला येत होते. तीच काळी माती आज आपल्या लेकरांना धरून ठेवू शकत नाही, याची आम्हाला खंत वाटते, आणि ती आम्ही लपवत नाही.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयात ‘हवामान निर्वासित’ या विषयावर निबंध लिहायचा आहे. असा शब्द कोणत्या कायद्यात आहे का? (विद्यार्थिनी, देसाईगंज, जिल्हा गडचिरोली)

उत्तर: नाही. निर्वासितांविषयीचा मूळ आंतरराष्ट्रीय करार १९५१ चा आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची सार्थ भीती असलेल्या आणि देशाबाहेर गेलेल्या माणसालाच तो निर्वासित मानतो. पूर, दुष्काळ किंवा वाढता समुद्र यांना त्यात स्थान नाही. भारताने या करारावर सहीही केलेली नाही.

प्रशांत महासागरातील किरिबाती या बेटांच्या देशातून न्यूझीलंडला गेलेल्या योआने तेतियोता यांनी, समुद्राच्या वाढत्या पातळीमुळे आपल्याला परत पाठवू नये, अशी दाद मागितली होती. न्यूझीलंडने त्यांना परत पाठवले आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही त्या निर्णयात चूक मानली नाही. मात्र २०२० मध्ये जाहीर झालेल्या मतात समितीने एक गोष्ट मान्य केली: हवामान बदलामुळे जिवाला धोका असलेल्या ठिकाणी माणसाला परत धाडणे हे पुढे जगण्याच्या हक्काचे उल्लंघन ठरू शकते. तुवालू आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात २०२३ मध्ये झालेल्या करारानुसार दरवर्षी तुवालूच्या २८० लोकांना ऑस्ट्रेलियात जाऊन राहता येते. तुवालूची लोकसंख्या अवघी ११ हजारांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले तर हा आकडा लहान नाही.

तुमच्या निबंधासाठी याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, हवामानामुळे घर सोडणारी बहुसंख्य माणसे देशाची सीमा ओलांडतच नाहीत. ती भामरागडहून नागपूरला किंवा वाशीमहून पुण्याला जातात. जागतिक बँकेच्या २०२१ मधील अंदाजानुसार २०५० पर्यंत जगाच्या सहा विभागांत मिळून जास्तीत जास्त २१ कोटी ६० लाख लोकांना आपापल्या देशातच जागा बदलावी लागू शकते. त्यांतले सुमारे ४ कोटी दक्षिण आशियातले असतील. अशा लोकांसाठी संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची अंतर्गत विस्थापनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पण ती बंधनकारक नाहीत. आफ्रिकी देशांनी २००९ मध्ये कंपाला येथे केलेला करार मात्र बंधनकारक आहे आणि त्यात हवामान बदलाचा उल्लेख स्पष्ट आहे. भारतात असा कायदा नाही. आसाममधील खासदार प्रद्युत बोरदोलोई यांनी २०२२ मध्ये लोकसभेत हवामान स्थलांतरितांच्या संरक्षणासाठी खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात (हा पक्षी आपल्या वरोऱ्याच्या माळांवरही दिसत असे) घटनेच्या १४ आणि २१ या कलमांखाली, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला. तो हक्क गाव सोडणाऱ्या मजुराच्या उपयोगी कसा पडेल, हे ठरवण्याचे काम अजून कोणी हाती घेतलेले नाही. निबंधात निर्वासित हा शब्द टाळा आणि ‘विस्थापित’ लिहा. तो आपल्या परिस्थितीला अधिक जवळचा आहे.

प्रश्न: अतिवृष्टी झाली की तलाठी येतात, पंचनामा होतो, ज्यांचे वावर आहे त्यांच्या खात्यात पैसे येतात. आम्ही त्याच वावरात निंदण-खुरपण आणि कापूस वेचणी करतो. वेचणीच झाली नाही म्हणून आम्हाला वीटभट्टीवर जावे लागले. आमचे नाव कोणत्याच यादीत का नसते? (शेतमजूर महिला, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा)

उत्तर: ताई, आलेल्या सगळ्या पत्रांत तुमचे पत्र सर्वांत लहान होते आणि आम्हाला ते सर्वांत अधिक काळ पुरले.

मदतीची पद्धत अशी आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी मानली जाते. पिकाचे नुकसान किमान ३३ टक्के असले तर मदत मिळते, आणि ती हेक्टरी मोजून सातबाऱ्यावरच्या खातेदाराला दिली जाते. या हिशेबात बुडालेले पीक मोजायचे माप आहे, बुडालेल्या मजुरीचे माप नाही. वेचणीचे चाळीस दिवस गेले याचा पंचनामा करण्यासाठी कोणताही नमुना छापलेला नाही. तोंडी मक्त्याने शेत करणाऱ्याचीही हीच गत आहे: पेरणीचा खर्च त्याचा, मदत मात्र मालकाच्या खात्यात. ज्याच्याजवळ जमीन आहे तो एक वाईट वर्ष मदतीवर आणि उधारीवर काढतो. ज्याच्याजवळ ती नाही, त्याला त्याच महिन्यात बाहेर पडावे लागते. म्हणजे सर्वांत आधी गाव सोडणारा माणूस हा सरकारी कागदावर नुकसान न झालेला माणूस असतो. हे अन्यायाचे आहे, आणि ते तसेच म्हटले पाहिजे.

आपल्या राज्याला विस्थापिताची नोंद करता येत नाही, असेही नाही. गोसेखुर्द धरणाची कोनशिला १९८८ मध्ये बसली आणि ज्यांची घरे-शेते पाण्याखाली गेली त्यांना ‘प्रकल्पग्रस्त’ हे नाव मिळाले. त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या अजून मिटलेल्या नाहीत. तरीही त्यांच्या हातात एक दाखला आहे. त्या दाखल्यावर सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे, भूकंपग्रस्तांसाठी तसेच २ टक्के आहे. दाखला असला म्हणजे मोर्चा काढता येतो, न्यायालयात जाता येते, वीस वर्षांनीही मागणी करता येते. धरणाचे पाणी ज्या दिवशी दारात आले तो दिवस सांगता येतो. पाऊस पंधरा वर्षांत हळूहळू बिघडला, त्याची तारीख कोणती सांगणार?

एकाएकी आलेल्या संकटाकडे यंत्रणेचे लक्ष जाते. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातील धरणाचे पाणी आणि गोसेखुर्दचा विसर्ग मिळून वैनगंगेला महापूर आला, तेव्हा भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावांतून लोकांना सुरक्षित जागी हलवले गेले, त्यांची मोजदाद झाली. देशपातळीवरही तेच दिसते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी, समुद्र आणि नद्यांच्या धूपीमुळे घर गमावलेल्यांच्या पुनर्वसनासाठी १००० कोटी रुपयांची शिफारस केली. ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातील सातभाया गावाला समुद्राने गिळले, तेव्हा तेथील कुटुंबांना सरकारने बागपतिया येथे नवी वसाहत दिली. या सगळ्या तरतुदी ज्यांच्या पायाखालची जमीन नाहीशी झाली त्यांच्यासाठी आहेत. तुमच्या गावची जमीन जागेवर आहे. तिच्यातून निघणारे काम नाहीसे झाले आहे, आणि त्यासाठी अजून एकही रकाना नाही.

निदान दोन गोष्टी आज करून घ्या. केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगार म्हणून तुमची नोंद करा. वीटभट्टीवर जाताना मुकादमाने दिलेली उचल किती आणि कोणत्या तारखेला दिली, हे वहीत लिहून त्याची सही घ्या, कारण हंगाम संपल्यावर हिशेबाचा वाद तेथेच सुरू होतो.

प्रश्न: चंद्रपूरची उष्णता औष्णिक वीज केंद्रामुळे वाढली आणि त्यामुळे लोक गाव सोडत आहेत, असे आमच्याकडे सगळे म्हणतात. खरे आहे का? (वाचक, तालुका भद्रावती, जिल्हा चंद्रपूर)

उत्तर: अर्धे खरे आहे. २९२० मेगावॉटच्या त्या केंद्रातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वाऱ्याबरोबर साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात मिसळतो. तो चंद्रपूरला तापवतो तसाच नॉर्वेलाही. चंद्रपूर मुळातच समुद्रापासून दूर, कोरड्या उन्हाळ्याचा प्रदेश आहे. राख, धूळ, पाण्याचा वापर आणि कोळशाच्या खाणींसाठी उठवलेली गावे हे मात्र खास आपल्या वाट्याला आलेले नुकसान आहे. सारे राज्य ज्या विजेवर चालते तिची राख विदर्भाने सोसायची आणि तापलेल्या हवेतली मजुरीही विदर्भानेच करायची, या गोष्टीचा राग येणे स्वाभाविक आहे. पण उद्या ते केंद्र बंद झाले तरी मे महिन्याचे ऊन तेवढ्याने उतरणार नाही.

प्रश्न: माझा मुलगा आणि सून जानेवारीत तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि उन्हाळा लागला की येतात. धानाचे एकच पीक, तेही दोन वर्षे बुडाले. नातवंडे कधी माझ्याजवळ, कधी त्यांच्यासोबत. रेशन आणि शाळा दोन्हीचे हाल होतात. काय करावे? नातीने हे पत्र लिहून दिले आहे. (आजी, तालुका सावली, जिल्हा चंद्रपूर)

उत्तर: आजी, रेशनचा प्रश्न सुटू शकतो. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ या व्यवस्थेत तुमच्या शिधापत्रिकेवरचे धान्य दुसऱ्या राज्यातील रेशन दुकानातूनही घेता येते. मुलगा-सून त्यांच्या वाट्याचे धान्य तेलंगणात उचलू शकतात आणि उरलेले तुम्ही गावात घेऊ शकता. मात्र घरातल्या प्रत्येकाचा आधार क्रमांक शिधापत्रिकेशी जोडलेला आणि ई-केवायसी झालेली असली पाहिजे. हे काम ते निघण्याच्या आधी, डिसेंबरातच करून घ्या. दुकानदार नाही म्हणाला तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या.

शाळेबाबत आमचे मत स्पष्ट आहे: शक्य असेल तर मुलांना तुमच्याजवळच राहू द्या. तिकडे शाळा तेलुगू माध्यमाची, आणि मुक्काम शेताच्या बांधावरच्या पालात. चार महिन्यांत मूल मागे पडते आणि मोठी मुलगी असेल तर धाकट्यांना सांभाळण्यातच तिचे वर्ष जाते. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. यात मुले गावातच राहतात आणि त्यांच्या जेवणाची सोय होते. ती आपोआप सुरू होत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने पालकांची यादी करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मागणी करावी लागते. मुलांना न्यावेच लागले तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे पोहोचलेल्या गावच्या शाळेत आणि परतल्यावर इथेही त्यांना त्यांच्या वर्गात बसता येईल. सहा वर्षांखालील मूल असेल तर अंगणवाडी ताईंना जाण्याची तारीख आणि ठिकाण कळवा.

आणि आजी, तुम्ही पत्रात स्वतःविषयी काहीच लिहिलेले नाही. मुलगा गेल्यावर त्या चार महिन्यांत तुमचे औषधपाणी कोण पाहते? जाणाऱ्यांची चर्चा होते. मागे राहणाऱ्यांचे, ज्यांना जाण्याची ताकद किंवा भाड्याचे पैसेही नाहीत त्यांचे हाल अभ्यासकांच्याही लक्षात उशिरा आले. नातीकडून पुन्हा एक पत्र अवश्य लिहून घ्या.

प्रश्न: हे जाणे थांबवण्यासाठी एक ग्रामपंचायत काय करू शकते? मोठमोठे उपाय सांगू नका. (सरपंच, तालुका अचलपूर, जिल्हा अमरावती)

उत्तर: सरपंचताई, पाऊस पूर्ववत करणे आपल्या हाती नाही आणि जो मुलगा शिकून स्वखुशीने बाहेर जातो त्याला अडवण्याचे कारणही नाही. नाइलाजाने जाणाऱ्यांची संख्या कमी करणे मात्र शक्य आहे. जागतिक बँकेचा जो अहवाल वर सांगितला, तोच म्हणतो की वेळेत पावले उचलली तर देशांतर्गत स्थलांतराच्या या आकड्यात ८० टक्क्यांपर्यंत घट करता येईल.

तुमच्याच तालुक्यातील पायविहीर गावाने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड जंगल राखले, सीताफळ आणि तेंदूपत्ता यांतून गावातच काम उभे केले आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कार मिळवला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने असाच हक्क घेऊन बांबूतून गावातल्या मजुरीची सोय केली. या सगळ्याची सुरुवात गडचिरोलीतल्या मेंढा-लेखापासून आहे. त्या गावाला २००९ मध्ये हा हक्क मिळाला. जंगलाचे उत्पन्न एका पावसावर अवलंबून नसते, हे त्यातले मर्म आहे. पूर्व विदर्भात हेच काम माजी मालगुजारी तलाव करू शकतात. गोंड राजवटीच्या काळापासून बांधलेल्या या तलावांतला गाळ काढला तर एकाच दिवशी कोसळलेला पाऊस गावातच अडतो आणि धानाला शेवटचे पाणी मिळते. तुमचे गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्याकडे असेल तर शेततळ्याखेरीज मार्ग नाही, कारण तिथे विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हा पट्टा मुद्दाम घेतलेला होता.

यापेक्षाही लहान काम एक आहे आणि ते आम्ही आग्रहाने सुचवतो. ग्रामपंचायतीत जन्माची वही आहे, मृत्यूची आहे, घरपट्टीची आहे. गेलेल्यांची वही करा. घरातले कोण गेले, कोणत्या महिन्यात, कुठे, कोणत्या कामाला, त्या वर्षी पेरणी किती वेळा करावी लागली, वावर स्वतःचे की मक्त्याचे की काहीच नाही, परत कधी आले, एवढे रकाने पुरेत. जाण्याचे कारण त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. आपण सुधारून लिहू नका. ती वही ग्रामसभेत वाचून ठरावाला जोडा आणि त्याची प्रत तहसीलदारांना द्या. समुद्रपूरच्या ताईंनी जो प्रश्न विचारला आहे, त्याच्या उत्तरासाठी पुढे कोणी कायदा करायला बसले तर त्यांना अशाच वह्या लागतील. मेळघाटातली आणि पायथ्याची कोरकू कुटुंबे बाहेर कुठेही असली तरी होळीला घरी येतात. बंद दारे त्या आठवड्यात उघडी असतात. पुढच्या होळीला शिक्षक, आशाताई आणि दोन शिकलेली मुले सोबत घ्या आणि दारोदार जाऊन पहिले पान भरा.